अलाइनमेंट करूनही गाडी मागचे टायर आतून खातेय? आधी हे बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. गाडी दहा-बारा वर्षं जुनी, पुढचे टायर ठीकठाक, आणि मागच्यांची आतली कड पार गुळगुळीत, कधी कधी तर तार डोकवायला लागलेली. मालक म्हणतो अहो आत्ताच तर अलाइनमेंट केलंय, कागद पण आहे, सगळं हिरवं, म्हणजे मापात आलं होतं. टायरवाला म्हणतो साहेब टायरच खराब निघाले, दुसऱ्या कंपनीचे टाका. मग दुसऱ्या कंपनीचे येतात आणि दहा-पंधरा हजार किलोमीटरला परत तीच आतली कड, तोच तो संवाद.

गोम अशी आहे की आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागच्या चाकांची ॲडजस्टमेंटच नसते. स्विफ्ट, आय-टेन, पोलो, २००३ नंतरची होंडा सिटी, या सगळ्यांच्या मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा, थोडा पिळला जाणारा आडवा बीम. जुन्या ऑल्टोला आणि जुन्या वॅगन-आरला आख्खा रिजिड ॲक्सल, म्हणजे न पिळणारा सरळ दांडा. यात मागे टो (वरून बघताना चाकाची पुढची कड आत किंवा बाहेर वळलेली असणं) किंवा कॅम्बर (मागून बघताना चाक वरून आत किंवा बाहेर झुकलेलं असणं) फिरवायला कंपनीने बोल्टच दिलेला नाही. म्हणजे दुकानात "अलाइनमेंट केलं" याचा अर्थ टाय रॉड (स्टिअरिंगकडून पुढच्या चाकाला जाणारा दांडा) फिरवून पुढचा टो लावला, बास. मागचे आकडे मशीन मोजतं, पण ते लाल आले तरी तिथला मुलगा काय करणार, त्याच्याकडे फिरवायला काहीच नाही, तो पुढचं पान छापून देतो आणि तुम्ही खुश होऊन निघता. बऱ्याच ठिकाणी तर मागच्या चाकाला सेन्सर लावतच नाहीत. तेव्हा पहिली गोष्ट, तो कागद काढा आणि मागच्या चाकांचे आकडे त्यात आहेत का बघा. नसतील तर ते अलाइनमेंट मागच्या टायरसाठी झालंच नाही असं समजा.

दुसरी गोष्ट, टायर रोटेट करू नका. सगळ्यात आधी हाच सल्ला मिळतो, मागचे पुढे टाका, झीज समान होईल. होईल, पण तुमचा पुरावा पण जाईल. कुठला टायर कुठल्या कोपऱ्यात कसा झिजला हेच तर आपल्याला बघायचंय. आधीच रोटेट केलेले असतील तर कुठला कुठे होता ते आठवून खडूने साइडवॉलवर लिहून ठेवा, आणि त्यावरची तारीख पण बघा, चार आकडे असतात, २२१९ म्हणजे २०१९ चा बाविसावा आठवडा. टायर सहा-सात वर्षांचा झाला असेल आणि रबर कडक होऊन भेगा पडल्या असतील तर त्याच्या झिजेवरून फार निष्कर्ष काढू नका, तो तसाही बदलायलाच झालाय.

आता टायर वाचायचा. ट्रेड डेप्थ गेज शे-दोनशे रुपयात मिळतो, घेऊन टाका. आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशी तीन ठिकाणी खोली मोजायची, आणि हेच टायर थोडा थोडा फिरवून तीन-चार जागी करायचं, नाहीतर एकाच जागेच्या मापावर फसायला होतं. नवीन टायरला साधारण सात-आठ मिलिमीटर नक्षी असते, खाचांमधल्या उंचवट्यापर्यंत आली की १.६ उरली आणि टायर संपला. सगळ्यात लबाड जागा म्हणजे आतली कड, ती उभ्याने दिसतच नाही. बाहेरून चार मिलिमीटर दिसतात आणि आत तार निघालेली असते, म्हणून गाडी जॅकवर घ्या किंवा निदान वाकून टॉर्चने बघा.

मोजमापाइतकंच हाताने पण कळतं. तळहात नक्षीवरून आडवा फिरवायचा, एकदा बाहेरून आत, एकदा आतून बाहेर. (टायर आधी पुसून घ्या, आणि तार निघालेली असेल तर हे अजिबात करू नका, बोट कापतं.) एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं खरखरीत लागलं तर तो टो आहे, शंभरातल्या नव्वद वेळा. हात बाहेरून आत नेताना गुळगुळीत आणि आतून बाहेर आणताना टोचत असेल तर टो-इन, म्हणजे चाकाची पुढची कड आत वळलेली, जास्त आहे. उलटं असेल, म्हणजे आतून बाहेर गुळगुळीत, तर टो-आउट (पुढची कड बाहेर), आणि जुन्या गाड्यांच्या मागच्या चाकांत आतली कड खाणारा चोर बहुतेक वेळा हाच. दोन्ही दिशांनी गुळगुळीत लागतंय पण आतली कड मात्र उतरत गेलीय, तर कॅम्बर. दोन्ही कडा गेल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी. मध्य गेला तर हवा जास्त. या शेवटच्या दोघांवर फार बोलत नाही, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं त्याप्रमाणे थंड टायरमध्ये हवा भरा, भरलेल्या गाडीसाठी मागचा आकडा वेगळा दिलेला असतो तो पण वाचा.

अजून एक प्रकार असतो जो मागच्याच चाकांना जास्त होतो. टायरवर ठरावीक अंतराने खड्डे किंवा तिरपे पट्टे पडतात, हात गोल फिरवला की लाटा लागतात, आणि गाडी साठच्या पुढे गेली की मागून घुंघुं आवाज. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला मागे वजन कमी, त्यात टो थोडा चुकलेला आणि शॉकअप मेलेले, की चाक रस्त्यावर नीट टेकून राहतच नाही, उड्या मारत घासतं. हा आवाज ऐकून हमखास बेअरिंग बदललं जातं, कारण आवाज अगदी तसाच असतो. बेअरिंगवर पैसे घालण्याआधी मागचे टायर पुढे टाकून एक चक्कर मारा (हो, रोटेट करू नका म्हणालो होतो, पण मापं लिहून झाल्यावर चालतं). आवाज पुढे आला तर टायर. मागेच राहिला आणि गाडी डावी-उजवी झुलवताना कमी-जास्त होत असेल तर बेअरिंग.

आता दोन्ही टायर झिजलेत की एकच, याच्यावर जरा थांबू, कारण इथे बहुतेकांचं गणित चुकतं. लोकांना वाटतं डाव्या चाकाने खड्ड्यात मार खाल्लाय म्हणजे डावाच टायर जाणार. टोच्या बाबतीत तसं नसतं. समजा कागदावर मागचा डावा टो अधिक ५ मिनिटं आणि उजवा उणे २५ मिनिटं आलाय (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, अधिक म्हणजे टो-इन, उणे म्हणजे टो-आउट), म्हणजे उजवं चाक बाहेर उघडलंय. बेरीज उणे २० मिनिटं. गाडी सरळ चालताना मागचा भाग थोडा तिरपा होऊन स्वतःच जुळवून घेतो, आणि ही चूक दोन्ही चाकांत साधारण सारखी वाटली जाते, दोघांच्या वाट्याला १०-१० मिनिटं. १० मिनिटं म्हणजे अंशाचा सहावा भाग, ऐकायला काहीच नाही, पण प्रत्येक चाक किलोमीटरमागे जवळपास ३ मीटर आडवं घासत जातं. दहा हजार किलोमीटरला ते २९ किलोमीटर आडवं फरफटणं झालं. टायर टिकेल कसा? आणि म्हणूनच मार एका बाजूला बसला तरी दोन्ही मागच्या टायरांच्या आतल्या कडा जातात. याउलट एकच टायर खाल्ला जातोय आणि दुसरा छान आहे, तर मी आधी त्या बाजूचा कॅम्बर, वाकलेला स्टब ॲक्सल (चाक ज्यावर फिरतं तो छोटा दांडा), सैल बेअरिंग आणि शॉकअप बघेन, टो नंतर.

त्याच उदाहरणातला दुसरा आकडा थ्रस्ट अँगल, म्हणजे मागची चाकं मिळून गाडीच्या मधल्या रेषेपासून किती तिरपी बघतायत ते. डाव्यातून उजवा वजा करून निम्मे केले की १५ मिनिटं, उजवीकडे. मागची चाकं गाडीला तिरपं ढकलतायत, आणि ती सरळ ठेवायला तुम्हाला स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरावं लागतं. मग तक्रार येते की स्टिअरिंग वाकडं आहे, दुकानदार पुढचे टाय रॉड फिरवून स्टिअरिंग सरळ करून देतो, तुमचं समाधान होतं आणि मागे जे चाललंय ते चालूच राहतं. थ्रस्ट फारच जास्त असेल तर मशीनशिवाय पण दिसतो. पाऊस पडून गेल्यावर डबक्यातून गाडी काढून कोरड्या काँक्रीटवर सरळ न्या, उतरून चाकोऱ्या बघा. मागच्या पुढच्यांच्या मानाने दोन्हीकडे सारख्या आत किंवा बाहेर असतील तर हरकत नाही, पुढच्या-मागच्या रुंदीत तसाही फरक असतो. दोन्ही एकाच बाजूला सरकलेल्या असतील तर ॲक्सल तिरपा आहे.

घरी मोजायचंच असेल तर दोरीने होतं. सपाट फरशी पाहिजे, पार्किंगचा उतार चालत नाही. गाडीच्या पुढे आणि मागे एकेक पाइप आडवा ठेवून त्यांना दोन्ही बाजूंनी दोऱ्या बांधायच्या, उंची चाकाच्या मध्याइतकी, दोन दोऱ्यांमधलं अंतर पुढे-मागे तंतोतंत सारखं. मग पुढच्या दोन्ही हबपासून (चाकाचा मधला भाग) आपापल्या दोरीचं अंतर सारखं आणि मागच्या दोन्ही हबपासून सारखं येईपर्यंत पाइप सरकवत राहायचे. वेळ जातो, चिडचिड होते. पण एकदा जमलं की मागच्या रिमची पुढची कड आणि मागची कड दोरीपासून किती ते मोजायचं. पुढची कड दोरीपासून जास्त लांब असेल तर टो-इन, जवळ असेल तर टो-आउट. चौदा इंची रिमला एक मिलिमीटर फरक म्हणजे साधारण नऊ-दहा मिनिटं. त्याआधी एक काम विसरू नका, गाडी जॅकवरून उतरवली असेल तर चार पावलं पुढे-मागे ढकला, नाहीतर सस्पेन्शन अडकून उंच राहिलेलं असतं आणि माप खोटं येतं.

आकडा चुकलाय हे कळलं, आता का चुकला ते. गाडी गिअरमध्ये टाका, पुढच्या चाकांना ओटी (दगड किंवा ठोकळा) लावा, मागून जॅक करा आणि खाली घोडी (जॅक स्टँड) लावल्याशिवाय डोकं आत घालू नका, नुसत्या जॅकवर तर अजिबात नाही. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर बेअरिंग किंवा हबचं नट. मग हात फिरवून चाक मोकळं फिरतंय का बघा, हँडब्रेकची केबल जाम होऊन ड्रम धरून ठेवत असेल तर त्याचा वेगळा वास आणि गरमपणा असतो, पण त्याने एकच कड झिजत नाही, तेव्हा त्यात अडकू नका. चाक कुठे लॉक होऊन घासलं असेल तर एकाच जागी सपाट चट्टा पडतो, तो लगेच ओळखू येतो.

टॉर्शन बीमच्या गाडीत खरी जागा म्हणजे बीमच्या पुढच्या टोकाचे दोन मोठे बुश, म्हणजे मध्ये नळी असलेले रबरी सांधे. दहा वर्षांत रबर फाटतं, तडे जातात, आतली नळी मधोमध राहत नाही. टॉर्चने बघितलं की कळतं, टॉमी (लांब लोखंडी कांब) घालून हळूच उचकवलं की अजून कळतं. आणि हे बुश मेलेले असतील तर मशीनवर सगळं हिरवं येऊ शकतं, कारण मशीनवर गाडी उभी असते. रस्त्यावर ब्रेक मारला, वळण घेतलं, खड्डा आला की आख्खा बीम तिरका होतो आणि ते कुठल्याच कागदावर छापून येत नाही. म्हणून मी अलाइनमेंटवाल्याला नेहमी सांगतो, सेन्सर लावलेले असतानाच बीमला टॉमीने जरा जोर दे आणि स्क्रीनकडे बघ. आकडा हलून परत जागेवर आला नाही, किंवा भसकन हलला, तर बाकी काही फिरवण्यात अर्थ नाही, आधी बुश.

बुश बदलताना एक गोष्ट बघत उभे राहा. बीमचे पिव्हट बोल्ट (या बुशमधून जाणारे) गाडी चाकांवर उभी असताना, म्हणजे सस्पेन्शन नेहमीच्या उंचीवर असताना पक्के करायचे असतात. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना आवळले की गाडी खाली उतरताच रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं, मग नवीन बुश वर्षभरात फाटतो आणि लोक म्हणतात डुप्लिकेट पार्ट होता. बऱ्याच "परत परत होणाऱ्या" केसमागे एवढंच असतं.

इथे अजून एक गैरसमज. मागून गाडी बसलीय, स्प्रिंग गेल्यात, म्हणून कॅम्बर गेला असं सर्रास सांगतात आणि स्प्रिंग खपवतात. स्वतंत्र मागचं सस्पेन्शन (दोन्ही चाकं एकमेकांना न जोडलेली) असेल तर हे खरं आहे, डबल विशबोन, मल्टिलिंक किंवा इंडिकासारखा सेमी ट्रेलिंग आर्म, यात गाडी बसली की चाकं वरून आत झुकतात आणि टो पण सरकतो, वर्षानुवर्षं मागे माणसं आणि सामान कोंबून धावलेल्या टॅक्सीला हेच होतं. पण टॉर्शन बीम आणि रिजिड ॲक्सलमध्ये दोन्ही चाकं एकदम खाली बसली तर कॅम्बर जवळपास तसाच राहतो. तिथे कॅम्बर चुकलाय म्हणजे काहीतरी वाकलंय किंवा सैल आहे, नवीन स्प्रिंगने गाडी उंच होईल, कड वाचणार नाही.

सीएनजी किट बसवलेल्यांनी जास्त लक्ष द्या. डिकीत ६० लिटरची लोखंडी टाकी म्हणजे पन्नास-साठ किलो कायमचे मागे, वरून गॅस आणि फ्रेम. शॉकअप लवकर बसतात, आणि हवा मात्र जुन्याच आकड्यावर भरली जाते. अलाइनमेंट करताना टाकी काढायचा प्रश्नच नाही, पण डिकीतलं बाकीचं गोडाऊन रिकामं करा आणि हवा आधी बरोबर करून मग गाडी मशीनवर चढवा. मशीनवर गाडीचं मॉडेल आणि वर्ष बरोबर निवडलंय का तेही बघा, जवळचं कुठलं तरी मॉडेल निवडून काम उरकलं की हिरवा-लाल सगळाच चुकतो.

स्वतंत्र सस्पेन्शनमधलं सगळ्यांना माहीत असलेलं प्रकरण म्हणजे २००६ साली आपल्याकडे आलेली होंडा सिविक. अमेरिकेत २००६-०७ च्या सिविकला मागचे टायर लवकर आणि वेडेवाकडे झिजतात म्हणून होंडाने २००८ मध्ये सर्व्हिस बुलेटिन (वर्कशॉपसाठीची सूचना) काढून मागचे अपर आर्म (चाकाला वरून धरणारे दांडे) बदलायला सांगितले होते. तेव्हा अशी जुनी गाडी सेकंडहँड घेतलेली असेल आणि मागून घुंघुं येत असेल तर टायरच्या दुकानाआधी आर्म आणि त्याचे बुश बघा. या गाड्यांना मागे टो लावता येतो, फक्त बोल्ट गंजून नळीत चिकटलेले असतात आणि मुलगा "फिरत नाही" म्हणून सोडून देतो. गंज सोडवायचा स्प्रे आदल्या दिवशीच मारून ठेवा.

बुश चांगले, बेअरिंग चांगलं, तरी आकडा बाहेर, तर स्टब ॲक्सल किंवा बीम वाकलाय. दुभाजकावर किंवा फुटपाथच्या कडेवर मागचं चाक चढलं, रात्री न दिसलेला स्पीडब्रेकर, एवढं पुरतं. स्टब वेगळा निघणारा असेल तर तो बदलणं सगळ्यात सरळ. थोडाच फरक असेल तर स्टब आणि बीमच्या मध्ये तिरक्या जाडीची शिम (धातूची पातळ चकती) घालून टो-कॅम्बर आणता येतो, ठरावीक अंशांच्या शिम मिळतात, फक्त ते करणारा माणूस शोधायला लागतो आणि तो जर वॉशर कापून घालतो म्हणाला तर तिथून निघा. बीम गॅसने तापवून ठोकून सरळ करणारे पण भेटतील. तापवलेल्या लोखंडाची ताकद जाते आणि हा भाग सतत पिळला जाणारा आहे, मी माझ्या गाडीला करू देणार नाही. त्यापेक्षा अपघात न झालेल्या गाडीचा जुना बीम भंगार बाजारातून आणून नवीन बुश घालून बसवलेला बरा, पण बसवायच्या आधी दोन्ही टोकांचे फ्लँज (स्टब बसतो ती सपाट जागा) तपासून.

शॉकअप बदलायचे तर दोन्ही बाजूंचे, आणि तेल गळत नाही म्हणजे चांगला आहे असं नाही. काढून हाताने दाबून बघा, खाली जाताना आणि वर येताना सलग जोर लागला पाहिजे, मध्येच मोकळा सुटला तर गेला.

सगळं झाल्यावर जुन्या करवती झालेल्या टायरवर निकाल लावत बसू नका, त्यांचा आवाज लगेच जात नाही आणि काही जणांचा कधीच जात नाही. पैसे दोनच टायरचे असतील तर नवे मागे टाका, ओल्या रस्त्यावर मागून घसरलेली गाडी सावरणं जास्त अवघड. नव्या टायरची तीन ठिकाणची मापं पहिल्याच दिवशी मोबाईलमध्ये लिहून ठेवा आणि दोन-तीन हजार किलोमीटरला परत गेज लावा. आत-बाहेरचा फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक, आता खुशाल आठ-दहा हजाराला रोटेट करत जा. त्याहून जास्त असेल तर अजून टायर शाबूत आहेत तोवरच परत बीमखाली जा.